'हो ना?' स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं?

प्रश्न : मी ऑनलाइन स्पॅनिश शिकते. आपण बोलताना सारखं 'हो ना?', 'नाही का?' म्हणतो, तसं त्या भाषेत कसं विचारतात? मी वाक्याच्या शेवटी 'नो?' लावते, पण एकदा चुकलं. – एक विद्यार्थिनी, गोंदिया

उत्तर : तुमचं 'नो?' बहुतेक ठिकाणी बरोबरच आहे. गोंदियात मराठीतला 'ना' आणि हिंदीतला 'है ना' दोन्ही रोज कानावर पडतात, त्यामुळे ही लकब तुम्हाला नवी नाही. अडचण नकारार्थी वाक्यात येते. 'तू येणार नाहीस' याला 'नो?' सहसा जोडत नाहीत, तिथे 'बेर्दाद?' म्हणजे 'खरं ना?' वापरा. हा शब्द होकारी वाक्यालाही चालतो : 'एल आरोस एस्ता रिको, बेर्दाद?' भात छान झालाय, नाही का?

आता खरी गोम. आपला 'ना' दोन कामं करतो : 'भात झालाय ना?' आणि 'पाचला भेटू ना?' पहिल्यात खात्री करून घेतो, दुसऱ्यात संमती मागतो. संमतीसाठी स्पेनमध्ये 'बाले?' म्हणतात, मेक्सिकोत बोलीभाषेत 'साले?'. 'ते पारेसे?' म्हणजे 'तुला पटतंय?' हे दोन्हीकडे चालतं; वडीलधाऱ्यांना मात्र 'ले पारेसे?' म्हणा, आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखंच.

शेवटचा शब्द उच्चारताना आवाज वर न्या. सपाट म्हटलेलं 'नो' ऐकणाऱ्याला सरळ नकारच वाटतो.