दिमित्रिओसमधला ‘मित्र’

प्रश्न : जावई ग्रीक आहेत. नातवाचं नाव त्याच्या तिकडच्या आजोबांवरून ‘दिमित्रिओस’ ठेवणार म्हणतात. हे आपल्या ‘मित्र’वरूनच आलंय ना? – एक आजी, पुणे

उत्तर : नाही आजी, मित्राचा इथे संबंध नाही. दिमित्रिओस म्हणजे धान्यदेवता डिमिटरचा. आपल्या भाषेत अन्नपूर्णेचा म्हणा ना! पण तुमच्यासारखी सांगड आपल्या पूर्वजांनीही घातलेली दिसते. नाशिकच्या पांडवलेण्यांत दात्तामित्रीच्या एका यवनाचा दानलेख आहे. ते नगर दिमित्रिओस या ग्रीक राजाच्या नावाचं, असं अनेक अभ्यासक मानतात. नाव खुशाल ठेवू द्या. घरात ‘दिमित्रिस’ चालतं. हाक मारताना शेवटचा ‘स’ गळून नुसतं ‘दिमित्री’ उरतं. जन्मदाखला आणि पासपोर्ट यांवरचं स्पेलिंग मात्र एकच ठेवायला सांगा. आणि 26 ऑक्टोबरला, संत दिमित्रिओसच्या दिवशी, नातवाला फोन करायला विसरू नका.