ठसे राहू देत, आधी विचार दिसू दे

चि. ओंकार यास,


तुझी क्लेच्या बेडकाची फिल्म पाहिली. हालचाल अडखळते, अंगावर बोटांचे ठसे दिसतात, म्हणून कॉम्प्युटरवर ते पुसायला शिकणार, असं तू लिहितोस. इतकी घाई करू नकोस. बेडूक उड्या छान मारतो, पण उडी मारावीशी त्याला का वाटली, ते कळत नाही. आधी तिकडे बघ.

निक पार्कची 'द राँग ट्राउझर्स' (१९९३) ही क्लेची फिल्म पुन्हा लाव, या वेळी आवाज बंद ठेवून. ग्रॉमिट नावाच्या कुत्र्याला तोंडच दाखवलेलं नाही. सगळा कारभार कपाळावर. भुवई खाली आली की वैताग, एकच बाजू उचलली की संशय. त्यातला चोर पेंग्विन तर आणखी बेरकी! डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी, चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, तरी बघताना धडकी भरते. कारण तो उगाच हलत नाही. तुझा बेडूक एक क्षणही स्वस्थ बसत नाही. उडीआधी त्याला थांबव, नजर वळव, मग उडव.

पार्कचीच 'क्रीचर कम्फर्ट्स' (१९८९) जेमतेम पाच मिनिटांची आहे. साध्यासुध्या माणसांना त्यांच्या राहत्या जागेबद्दल बोलतं केलं आणि ते आवाज प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांच्या तोंडी घातले. माणसं अडखळतात, वाक्य अर्धवट सोडतात, तेच जिवंत वाटतं. तुझ्या घरी आजी आहे. नव्या फ्लॅटबद्दल तिचं म्हणणं विचारून रेकॉर्ड कर. कासवाला तो आवाज शोभेल, पण हे तिला सांगू नकोस!

आता ठशांचं. प्लॅस्टिसीन ही क्ले वाळत नाही, म्हणून तर फ्रेमगणिक बाहुली हलवता येते. दर वेळी हात लागतो, ठसा बदलतो आणि अंग किंचित थरथरत राहतं. हे कुणीतरी हाताने केलंय, हे त्यातून बघणाऱ्याला जाणवतं. या फिल्म्सची गोडी बरीचशी तिथेच आहे. मात्र सगळंच त्यात खपवू नकोस. तुझ्या फिल्ममध्ये उजेड लुकलुकतो, तो निव्वळ दोष. खिडकीतलं ऊन सरकत असतं. पडदे ओढून घे, एकच दिवा लाव, फोनचा फोकस आणि एक्स्पोजर लॉक कर. हात-पाय वाकतात आणि बाहुली उभी राहत नाही, तर आत तार घाल. क्लेला चिकटलेले धागे आणि केस काढ.

सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या आणि एक पोझ दोन फ्रेम ठेवली, तरी अर्ध्या मिनिटाला ३६० पोझेस लागतात. तेव्हा गोष्ट छोटी घे. सुरेश एरियाट यांची मुंबईत घडणारी 'टोकरी' बघ. टोपल्या विकायला निघालेली एक मुलगी, एवढ्यावर फिल्म उभी राहते.

पुढची फिल्म वीस सेकंदांचीच कर, पण त्यात बाहुलीच्या मनात काहीतरी बदललं पाहिजे. ते जमल्यावर सॉफ्टवेअर शिक, मीच पैसे देईन.

तुझा,
मामा