बटणांचं बारसं

अगं, काल रात्री तू साड्यांच्या साइटची लिंक पाठवलीस आणि खाली लिहिलंस, ‘ताई, सांग ना कशी दिसतेय.’ दिसतेय छानच. रंग बेताचे आहेत, फोटो तर असे की पदर हातात घ्यावासा वाटतो. पण खरं सांगू? मी ती दोनच मिनिटं बघितली. मग स्क्रीन बंद केली, हेडफोन लावले आणि तासभर ती ऐकली. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात घोळतंय.

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे ताई शिकवायला बसली असं तुला वाटणार नाही. माझी पहिली साइट आंब्यांची होती. पेटीच्या फोटोखाली उणे आणि अधिकची दोन वर्तुळं, मध्ये आकडा. मला फार आवडायची ती वर्तुळं. एके दिवशी एका काकांचा फोन आला, ‘अहो, मी एक पेटी मागवली होती, दारात सहा आल्यात.’ काका निवृत्त संगीतशिक्षक, जन्मापासून दृष्टिहीन, आणि कॉम्प्युटर माझ्यापेक्षा भराभर चालवणारे. मनात म्हटलं, त्यांच्याच हातून काहीतरी चुकलं असणार. पेट्या परत आणायला गेले तर त्यांनी मला शेजारी बसवून माझीच साइट ऐकवली. आवाज म्हणाला, ‘बटण. एक. बटण.’ संपलं. वाढवणारं कुठलं आणि कमी करणारं कुठलं, कळायला काही मार्गच नाही. आकडा बदलला तर तो बोलून दाखवायची सोयही मी केली नव्हती. काकांना वाटलं, दाबलेलं लागतच नाहीये, म्हणून ते दाबत राहिले.

चिडले नाहीत गं. पाणी दिलं आणि म्हणाले, ‘घरात मूल झालं की बाराव्या दिवशी नाव ठेवता ना? मग या बटणांनी काय घोडं मारलंय?’

आज इतक्या वर्षांनी सांगते, साइटवरच्या निम्म्याहून जास्त दुखण्यांचं मूळ हेच असतं. कशाला तरी नाव दिलेलं नसतं. आपल्याकडे ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यात एका अनुस्वाराचं अंतर. पहिलं आपण केलं नाही की दुसरं लोक करतात.

थोडं समजून घे, म्हणजे पुढचं सोपं जाईल. काकांच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो उभा केला. दोघंही स्वतः दृष्टिहीन. करनने २००६ मध्ये सुरुवात केली, कारण तेव्हाचे स्क्रीन रीडर सामान्य माणसाला परवडत नव्हते. एनव्हीडीए आजही फुकट मिळतो. तो तुझं सुंदर पान बघतच नाही. पानामागचा एचटीएमएल वाचतो आणि तिथे जे लिहिलंय तेवढंच बोलतो. चित्रावर कात्री काढलीय की कचऱ्याचा डबा, त्याला पत्ता नसतो.

आता तुझ्या साइटवर येऊ. पहिल्या पैठणीपाशी गेले तर आवाज म्हणाला, ‘ग्राफिक, लिंक, डीएससी शून्य चार सात एक.’ कॅमेऱ्याने फाइलला दिलेलं नाव ते! दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. चोवीस साड्या, चोवीस आकडे. आईला दुकानदार फोनवर साडी कशी सांगायचा आठवतंय? ‘वहिनी, मोरपंखी रंग, सोनेरी नारळी काठ, पदरावर बांगडी मोर.’ बस, ऑल्टमध्ये, म्हणजे चित्राचं वर्णन लिहायच्या जागेत, नेमकं हेच लिहायचं. सुरुवातीला ‘फोटो’ लिहू नकोस, ‘ग्राफिक’ असं तो आवाज आपणहून सांगतोच. ‘स्वस्त पैठणी ऑनलाइन खरेदी उत्तम पैठणी’ अशी शब्दांची माळही नको, ऐकणाऱ्याचा जीव जातो. कडेने ती वेलबुट्टी घातलीयस, ती निव्वळ शोभेची. तिथे ऑल्ट ठेव पण रिकामा ठेव, म्हणजे आवाज ती गुपचूप ओलांडून जाईल. ऑल्ट रिकामा असणं आणि ऑल्टच नसणं यात मोठा फरक आहे. नसला की फाइलचं नाव कानावर आदळायची भीती. आणि दिवाळीच्या सवलतीचा तो मोठा फलक? सगळा मजकूर चित्राच्या आत. म्हणजे न बघणाऱ्या बाईला सवलत नाहीच, असं झालं की नाही?

नंतर ‘अधिक पहा’. एनव्हीडीएमध्ये पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी एकदम काढता येते. तुझ्या पानाची काढली तर चोवीस वेळा ‘अधिक पहा’. लग्नाच्या हॉलमध्ये चोवीस सुनीता बसल्या असतील आणि कुणी ‘सुनीता!’ म्हणून हाक मारली तर काय होईल, तेच. ‘मोरपंखी पैठणीची माहिती’ असं प्रत्येकीला आपापलं नाव दे. ‘येथे क्लिक करा’ तर लिहूच नकोस कधी.

मथळ्यांचंही तेच. ऐकणारी माणसं पान पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत ऐकत बसत नाहीत. एच दाबून मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारत जातात, आपण नजर फिरवतो तशा. तू ‘पैठणी’, ‘नारायणपेठ’, ‘इरकल’ ही अक्षरं मोठी आणि ठळक केलीस, पण त्यांना मथळ्याचा टॅग दिला नाहीस. डोळ्यांना मथळा दिसतो, कानाला साधं वाक्य ऐकू येतं. आणि ‘पिशवीत टाका’ हे डिवला, म्हणजे नुसत्या बिननावाच्या खोक्याला, क्लिक लावून केलंयस ना? मला कळलंच, कारण टॅब दाबत गेले तर मुक्काम त्यावर होतच नाही. माउस न वापरणाऱ्याला तुझी साडी बघता येते, घेता येत नाही. खरा बटणाचा टॅग वापर. कीबोर्ड, फोकस, नाव, सगळं त्याच्याबरोबर फुकट येतं. वरून एरियाचे, म्हणजे स्क्रीन रीडरसाठीच्या जादा सूचनांचे, गुणधर्म चिकटवायचा मोह होतो गं, पण एरिया वापरायचा पहिला नियमच असा, की साध्या एचटीएमएलने भागत असेल तर एरियाच्या नादी लागू नये. फोकसची ती निळी चौकट ‘घाण दिसते’ म्हणून काढून टाकलीयस, तीही परत आण. आपण कुठे उभे आहोत हे कीबोर्डवाल्याला तिच्यावरूनच कळतं.

फॉर्मवर मात्र मी खरंच वैतागले. फोन नंबराचा एक आकडा मी मुद्दाम कमी टाकला. चौकट लाल झाली म्हणे! मला काय कळणार? ‘पाठवा’ दाबते, काही होत नाही. पुन्हा दाबते, पुन्हा सगळं शांत. काकांच्या पेट्याच आठवल्या. वर पान ताजं झालं तेव्हा भरलेला पत्ताही पुसला गेला. असं कर. प्रत्येक रकान्याला लेबल बांध. आत फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना लेबलाची जागा घेत नाही, टायपायला लागलं की ती नाहीशी होते. चूक झाली तर शब्दांत सांग, ‘फोन नंबर दहा आकडी हवा, तुम्ही नऊ आकडे लिहिलेत.’ ते वाक्य त्याच रकान्याला जोड आणि फोकस पहिल्या चुकलेल्या रकान्यावर नेऊन ठेव. भरलेलं तसंच राहू दे. आणि तुटक्या लिंकवर नुसतं ‘४०४’ लिहून मोकळी होऊ नकोस. ‘हे पान सापडलं नाही. सगळ्या साड्या इथे आहेत’ एवढं म्हणायला काय जातंय?

आपल्या मराठी साइट्सची दोन खास दुखणी आहेत, ती तुला बाहेरच्या पुस्तकांत सापडणार नाहीत. पानाच्या अगदी वरच्या टॅगमध्ये तू भाषा इंग्रजी ठेवलीयस. तिथे मराठीचं ‘एमआर’ हवं. नाहीतर काही इंग्रजी आवाज देवनागरी सरळ गाळून टाकतात. हिंदी ठेवलीस तर ‘चांगला’मधला च ‘चाँद’मधल्यासारखा आणि ‘जावई’चा ज ‘जीवन’मधल्यासारखा ऐकू येईल. दुसरं, दुकानदाराने दिलेली जुनी माहितीपत्रकं तू पीडीएफ म्हणून तशीच चढवलीस. ती कृतीदेवमध्ये टाइप केलेली आहेत. त्या फॉन्टमध्ये डोळ्यांना ‘मराठी’ दिसतं, पण आत साठवलेलं असतं ई-जे-के-बी-एच. स्क्रीन रीडर बिचारा तेच वाचतो. युनिकोडमध्ये बदलून घे. आणि नुसती स्कॅन केलेली पानं असतील तर ती त्याच्यासाठी कोरी पाटी.

एक गोष्ट नावाशी संबंधित नाही, पण सांगायलाच हवी. किंमत तू पांढऱ्यावर फिकट राखाडी रंगात लिहिलीयस. अंधुक दिसणारेही खूप असतात, आपली आईच घे. साध्या मजकुरासाठी कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ हवा. पांढऱ्यावर राखाडीच हवा असेल तर हॅश ७६७६७६ ही हद्द, त्याहून फिकट नको.

तुला एकटीलाच बोलते असं समजू नकोस. अमेरिकेतली वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं तपासते. २०२५ मध्ये त्यातल्या ९४.८ टक्के पानांवर यंत्राला सापडतील असे दोष होते. आणि बहुतेक सगळे त्याच सहा जातींचे: फिकट अक्षरं, ऑल्ट नसलेली चित्रं, लेबल नसलेले रकाने, रिकाम्या लिंका, रिकामी बटणं, न सांगितलेली भाषा. पहिलं सोडलं तर पाचही बारशाचीच कामं. एका दुपारचं काम आहे गं हे.

दुपार वाचवायला कुणीतरी तुला म्हणेल, ‘एक ओळ कोड टाका, कोपऱ्यात चिन्ह येईल, साइट आपोआप सुगम.’ भुलू नकोस. २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असे दावे करणाऱ्या एका कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले. वेव्ह आणि लाइटहाउस ही फुकटची तपासणी साधनं मात्र जरूर वापर. फक्त डबा रिकामा आहे का एवढंच ती सांगतात, आतली भाजी खारट आहे का ते नाही. ‘डीएससी ०४७१’ असा ऑल्ट लिहिलास तरी काही साधनं खूश होतील.

आणि दुकानदार म्हणाले, ‘आंधळी माणसं कुठे साड्या घेतात?’ तर रागावू नकोस, पण गप्पही बसू नकोस. पोत बोटांनी पारखून, रंग विचारून साड्या घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात, आपल्याहून चोखंदळ. शिवाय २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहेच. त्यातच ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्या खटल्यात ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या आणि एक दृष्टिहीन वकीलही. ओळख पटवायची तर कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा, असं यंत्र सांगायचं. डोळेच मिचकवता येत नाहीत त्यांनी काय करायचं, हा विचारच कुणी केला नव्हता.

काकांकडचं पुढचं सांगायचं राहिलंच. बटणांना मी ‘एक पेटी वाढवा’ आणि ‘एक पेटी कमी करा’ अशी नावं दिली, आकडा बदलला की आवाजात कळेल असं केलं आणि ऐकून बघायला त्यांच्याकडेच गेले. त्यांनी आणखी तीन चुका काढल्या. मी एकटीने महिनाभर डोकं खाजवलं असतं तरी सापडल्या नसत्या. म्हणून सांगते, साइट वापरून बघणाऱ्यांत एक तरी न बघणारं माणूस असू दे, आणि त्यांच्या वेळेचे पैसे दे. उपकार समजून बोलावू नकोस.

तोवर आज रात्री एक कर. लॅपटॉपवर एनव्हीडीए टाक किंवा फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर चालू कर. आधी तो बंद कसा करायचा ते बघून ठेव हं, चालू झाला की एकदा बोट लावलं तर तो नुसतं नाव सांगतो, उघडायला दोनदा टिचकी मारावी लागते. पहिल्या वेळी मी घाबरून फोन नवऱ्याच्या हातात दिला होता. मग स्क्रीन बंद कर आणि तुझ्याच साइटवरून एक साडी मागव. पैसे भरण्यापर्यंत पोचलीस तर फोन कर. नाही पोचलीस तर कुठे अडलीस ते सांगायला कर. आणि मागवशील ती मोरपंखीच मागव, माझ्या पत्त्यावर. एकच.