नॉमिनल रोल आणि एक मोकळा रकाना

कॅडेट मित्रांनो, संगणकामुळे रोजचे काम लवकर कसे उरकावे, यावर या अंकासाठी लिहावे असे मला सांगण्यात आले. कॉपी-पेस्टच्या कळा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगल्या ठाऊक आहेत, त्यामुळे त्या शिकवत बसत नाही. त्याऐवजी एक्सेलमध्ये नावे क्रमाने लावण्याच्या एकाच युक्तीबद्दल लिहितो. त्या युक्तीने माझे दोन तासांचे काम दोन सेकंदांत झाले होते आणि त्याच दोन सेकंदांत यादीची वाटही लागली होती.

काही वर्षांपूर्वी डोंगरातल्या शिबिराला जाणाऱ्या 84 कॅडेट्सचा नॉमिनल रोल करण्याचे काम माझ्याकडे होते. पालकांकडून फॉर्म जसजसे येत गेले, तसतशी मी नोंद करत गेलो. डावीकडे कॅडेट क्रमांक, नाव, वर्ग आणि हाउस. उजवीकडे रक्तगट, अ‍ॅलर्जी आणि पालकांचा फोन नंबर. मधे एक रकाना मोकळा सोडला होता. बसमध्ये चढताना प्रत्येकाची सही घ्यायची होती आणि छापल्यावर ती मोकळी जागा दिसायलाही बरी दिसत होती.

शेवटी नावे अकारविल्हे लावावीत म्हणून नावांच्या रकान्यात क्लिक केले आणि सॉर्टचे बटण दाबले. यादी झटकन सरळ झाली. फाइल सेव्ह केली, बंद केली आणि प्रिंट काढायला दिली. पहिले नाव फॉर्मशी ताडूनही पाहिले. रक्तगट ओ पॉझिटिव्ह, फॉर्मवरही ओ पॉझिटिव्ह. समाधानाने चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी एमआय रूममधल्या नर्सिंग असिस्टंट हवालदारांनी ती यादी आपल्या हाताने लिहिलेल्या रजिस्टरशी ताडली. मला बोलावून म्हणाले, "सर, इस लड़के को पेनिसिलीन से कुछ नहीं होता। वो तो दूसरा लड़का है।" मी दोन्ही नावे पाहिली. ज्याला खरोखर पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी होती, त्याच्यासमोर माझ्या यादीत 'नाही' असे लिहिलेले होते.

काय झाले होते ते समजून घ्या, कारण ही चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. तुम्ही एका चौकटीत क्लिक करून सॉर्ट म्हणता, तेव्हा तक्ता कुठून कुठपर्यंत आहे हे एक्सेल स्वतः ठरवते. पूर्ण मोकळा रकाना किंवा पूर्ण मोकळी ओळ आली की तक्ता तिथे संपला असे ते मानते. माझा सहीचा रकाना पूर्ण मोकळा होता, त्याला मथळासुद्धा नव्हता. त्यामुळे डावीकडचे चार रकाने नावांप्रमाणे हलले आणि उजवीकडचे तीन जागच्या जागी राहिले. तुम्ही एकच रकाना निवडून सॉर्ट केलात, तर शेजारचे रकानेही सोबत घ्यायचे का, असे एक्सेल विचारते. इथे त्याने काहीच विचारले नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे तक्ते होते.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावले ते पुढच्या गोष्टीने. बिघडलेल्या यादीत एकही चौकट रिकामी नव्हती. कॅडेट 84च होते. कोणत्या रक्तगटाचे किती, हे मोजले असते तरी आकडे अचूक आले असते, कारण नोंदी हरवल्या नव्हत्या, फक्त एकाच्या दुसऱ्यासमोर गेल्या होत्या. म्हणजे बेरजा जुळणे ही यादी बरोबर असल्याची खूण नव्हे. आणि मी ताडून पाहिलेले पहिले नाव? आपल्याकडे ओ आणि बी हे रक्तगट इतके सर्रास आढळतात की विस्कटलेल्या यादीतही काही जोड्या योगायोगाने जुळतातच. मी फोन नंबर ताडला असता, तर चूक तिथेच पकडली गेली असती. यादी तपासताना प्रत्येकाची वेगळी असणारी गोष्ट ताडावी, अनेकांची सारखी असणारी नव्हे. तीही फक्त पहिल्या नावाची नव्हे. मधली आणि शेवटची काही नावेही घ्यावीत.

रक्तगटाचे एक बरे असते. रुग्णालयात रक्त देण्यापूर्वी गट पुन्हा तपासतात आणि क्रॉसमॅचही करतात. बेशुद्ध मुलाला अ‍ॅलर्जी मात्र विचारता येत नाही. तिथे कागदावर काय लिहिले आहे, त्यावरच पुष्कळदा भिस्त असते.

यादी पूर्ववत करता आली का? नाही. कंट्रोल आणि झेड दाबून मागे जाता येते, पण फाइल बंद केली की ती सोय संपते. अनुक्रमांकाचा रकानाही मी घातला नव्हता. तो सुरुवातीलाच असता, तर त्या क्रमाने डावा भाग पुन्हा लावून सगळे होते तसे झाले असते. शेवटी 84 फॉर्म पुन्हा काढून बसलो. रात्रीचे साडेअकरा वाजले.

तेव्हापासून सॉर्ट करण्याआधी मी तक्त्यातल्या एका चौकटीत क्लिक करून कंट्रोल आणि ए दाबतो. जेवढा भाग रंगतो, तेवढाच एक्सेल एक तक्ता मानते. रंग अर्ध्यावर थांबला की समजावे, वाटेत मोकळा रकाना आहे. मूळ फाइलची एक प्रतही आधी वेगळी ठेवतो आणि तिच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहितो, म्हणजे फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

तारखेवरून आठवले. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल, तर तुम्ही 05/08/2010 लिहिता ते 5 ऑगस्ट म्हणून, पण तो समजतो 8 मे. 25/08/2010 ही तारीख त्याला कळतच नाही, म्हणून ती साधा मजकूर होऊन चौकटीत डावीकडे चिकटते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, तर उजवीकडच्यांवर आधी संशय घ्या. त्या गुपचूप बदललेल्या असतात. कॅडेट क्रमांक शून्याने सुरू होत असेल, तर तो रकाना आधी टेक्स्ट प्रकारचा करावा, नाहीतर 0417 चा 417 होतो.

अशा चुका मोठ्या ठिकाणीही होतात. 2020 मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने कोविडच्या चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये घेतले होते. त्या प्रकारात एका पानावर 65,536 ओळीच मावतात. त्यापुढच्या नोंदी गळल्या आणि 15,841 बाधितांची नावे वेळेवर पुढे गेली नाहीत. त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायलाही तेवढाच उशीर झाला.

पालकांना एक विनंती. फॉर्ममध्ये अ‍ॅलर्जीची जागा कोरी सोडू नका. नसेल तर 'नाही' असे लिहा. कोऱ्या जागेवरून अ‍ॅलर्जी नाही की लिहायचे राहून गेले, हे आम्हाला कळत नाही.

आता शिबिराची यादी आम्ही दोघे मिळून ताडतो. मी नाव आणि फोन नंबर वाचतो, हवालदार त्यांच्या रजिस्टरवर बोट ठेवून 'सही' म्हणतात. पाऊण तास जातो. यादीत मोकळा रकाना आता नसतो. सहीची जागा अगदी शेवटी असते आणि तिला मथळाही असतो.