ब्रिटनमध्ये टिफिन सर्व्हिस आणि भाड्याचा फ्लॅट: नफा नाही, आधी गल्ला मोजतात

ब्रिटनमधल्या नव्या नियमांवरच्या व्हिडिओत आकडे जरा पटापट गेले, ते इथे सावकाश बघू. लंडन, स्लाउ, लेस्टरला राहून छोटा धंदा करणाऱ्यांसाठी किंवा करू पाहणाऱ्यांसाठी, आणि जोडीला एखादा फ्लॅट भाड्याने दिलेल्या मंडळींसाठी हा धडा आहे. वही-पेन घेऊन बसा.

पहिला विषय 'मेकिंग टॅक्स डिजिटल'. कंपनी न काढता स्वतःच्या नावावर धंदा करणारे, ज्यांना तिकडे सोल ट्रेडर म्हणतात, आणि घरमालक यांना हे लागू होतं. वर्षाचं उत्पन्न ५०,००० पौंडांच्या वर असेल तर ६ एप्रिल २०२६ पासून, ३०,००० च्या वर असेल तर एप्रिल २०२७ पासून आणि २०,००० च्या वर असेल तर एप्रिल २०२८ पासून.

आता इथेच लोक फसतात. हे 'उत्पन्न' म्हणजे नफा नव्हे. खर्च वजा करायच्या आधीचा गल्ला. आणि धंद्याचा गल्ला व घरभाडं यांची बेरीज करायची, वेगवेगळं धरायचं नाही.

समजा तुमच्या टिफिन सर्व्हिसचे वर्षाला २९,००० पौंड जमतात आणि फ्लॅटचं भाडं २४,००० येतं. किराणा, डबे, पेट्रोल, एजंटची फी, दुरुस्ती असे १९,००० गेले. हातात उरले ३४,०००. तुम्ही म्हणाल, "सर, मी तर पन्नासच्या खूप खाली आहे." नाही हो! बेरीज ५३,००० झाली, तुम्ही पहिल्याच फेरीत आलात.

तोच फ्लॅट नवरा-बायकोच्या निम्म्या-निम्म्या मालकीचा असेल तर तुमच्या वाट्याचं भाडं १२,०००. मग तुमची बेरीज ४१,००० आणि तुमची पाळी २०२७ ला. पगार आणि डिव्हिडंड यात धरत नाहीत. पण ब्रिटनचे करनिवासी असाल तर पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं धरतात, हे पुष्कळ जणांच्या गावीही नसतं.

२०२६ साठी २०२४-२५ चं रिटर्न बघतात, २०२७ साठी २०२५-२६ चं. म्हणजे आकडा आधीच ठरलेला असतो, नंतर हिशेब फिरवून उपयोग नाही. आणि कर खात्याचं पत्र आलं नाही म्हणून आपण सुटलो असंही समजू नका, तपासायची जबाबदारी तुमचीच.

करायचं काय? नोंदी सॉफ्टवेअरमध्ये ठेवायच्या आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्चाचा गोषवारा पाठवायचा. तारखा ७ ऑगस्ट, ७ नोव्हेंबर, ७ फेब्रुवारी, ७ मे. एक्सेल वापरत असाल तर त्याला जोडणारं सॉफ्टवेअर मिळतं, वही मात्र चालणार नाही. घाबरू नका, कर काही दर तिमाहीला भरायचा नाही, त्याच्या तारखा जुन्याच आहेत. २०२६-२७ मध्ये तिमाही गोषवाऱ्याला उशीर झाला तर दंडाचे पॉइंटही लागणार नाहीत. पण माझं मत विचाराल तर पहिल्या महिन्यापासूनच बिलांचे फोटो काढायची सवय लावा. सूट संपल्यावर सवय लागत नसते.

"मग कंपनीच काढतो," असं काही जण म्हणतील. काढा, पण १८ नोव्हेंबर २०२५ पासून डिरेक्टर व्हायचं तर ओळख पडताळणी सक्तीची आहे. सरकारी वन लॉगिनवर ती फुकट होते. जुन्या डिरेक्टरांनाही आपापल्या पुढच्या वार्षिक स्टेटमेंटच्या वेळी ती लागते. गावाकडच्या भावाला नुसतं नावापुरतं डिरेक्टर करायचं मनात असेल तर त्यालाही यातून जावं लागणार. त्याच्या पासपोर्टात चिप नसेल तर ॲपवर काम होणार नाही, अधिकृत एजंट गाठावा लागेल. ऑनलाइन नोंदणीची फी १ फेब्रुवारी २०२६ पासून ५० वरून १०० पौंड झाली. वार्षिक स्टेटमेंटची ३४ वरून ५०. पत्ता म्हणून पोस्ट बॉक्स चालत नाही.

आता शेवटचा मुद्दा, "फ्लॅट विकून भांडवल उभं करू" म्हणणाऱ्यांसाठी. इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून कारण न देता भाडेकरूला काढायची कलम २१ ची नोटीस बंद. विकण्यासाठी घर रिकामं करून घेता येतं, पण भाडेकरू राहायला आल्यापासून पहिलं वर्षभर नाही, आणि नोटीस चार महिन्यांची. तो निघाला नाही तर कोर्ट, तिथे आणखी महिने. त्यामुळे दुकानाचं डिपॉझिट पुढच्या दिवाळीला भरायचं असेल तर नोटिशीची तारीख आजच कॅलेंडरवर मांडा. भाडेवाढ वर्षातून एकदाच, ठरलेल्या फॉर्मवर, दोन महिने आधी कळवून. नव्या माणसाकडून सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायची पद्धतही गेली, एका महिन्यापेक्षा जास्त मागता येत नाही.

आणि विकण्याचं कारण देऊन घर रिकामं करून घेतलं, गिऱ्हाईक मिळालं नाही, म्हणून परत भाड्याने लावू, असंही जमणार नाही. त्यानंतर बारा महिने ते घर भाड्याने देता येत नाही. तेवढ्या काळाचे कर्जाचे हप्ते कुठून भरणार, हा आकडा नोटीस देण्याआधी काढून ठेवा.