अर्ज पाठविण्यापूर्वीची तपासणी

मराठवाड्यात औद्योगिक नगर म्हणून छत्रपती संभाजीनगरला जे स्थान लाभले, ते चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि गंगापूर, पैठण, कन्नड या तालुक्यांतील तरुणांची पावले तिकडे वळू लागली. आता शेंद्रा-बिडकीन परिसरात ‘ऑरिक’ ही नवी औद्योगिक नगरी आकारास येत आहे. परंतु कारखान्याच्या दारात उमेदवाराच्या आधी पोहोचतो तो त्याचा स्वपरिचय, म्हणजेच बायोडाटा. तो लिहून झाल्यावर तपासावाही लागतो, याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते.

एका रोजगार मेळाव्यात प्रस्तुत लेखकास असे पुष्कळ बायोडाटा पाहावयास मिळाले. बहुतेकांचा साचा एकच होता. गावातील झेरॉक्सच्या दुकानात संगणकावर असलेलाच मजकूर नाव बदलून छापून दिला जातो. एका मुलाच्या कागदावर तर आधीच्या ग्राहकाच्या वडिलांचे नाव तसेच राहून गेले होते. मुलगा आयटीआय उत्तीर्ण, हुशार. पण आपला कागद त्याने स्वतः एकदाही वाचलेला नव्हता. त्याचा अर्ज बाजूला पडला, तो त्याच्या कामातील उणिवेमुळे नव्हे.

म्हणून पहिली तपासणी मूळ कागदपत्रांशी करावयाची. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव, आधारपत्रावरील नाव आणि बायोडाट्यातील नाव अक्षरशः जुळते काय, हे पाहावे. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. प्रमाणपत्रे माहेरच्या नावाची आणि ओळखपत्र सासरच्या नावाचे, अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावातील बदलाची शासन राजपत्रातील प्रसिद्धी आधीच हाताशी असावी. मुलाखतीचे पत्र आल्यावर धावपळ करून हे कागद वेळेत मिळतीलच असे नाही.

आपल्या भागात स्थळांच्या व संस्थांच्या नावांचाही प्रश्न आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ मध्ये झाला. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर हे नामांतर २०२३ मध्ये झाले. पत्ता आजच्या नावाने लिहावा. पदवी व मंडळाचा उल्लेख मात्र प्रमाणपत्रावर जसा आहे तसाच ठेवावा. पडताळणी करणाऱ्यासमोर अखेर तेच प्रमाणपत्र असते.

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, उमेदवाराने नियोक्त्यास दिलेली माहिती खरी असली पाहिजे व तीत काहीही दडविलेले असू नये. तो निर्णय प्रामुख्याने गुन्हेगारी प्रकरणांच्या माहितीसंबंधी असला, तरी गुणांची टक्केवारी वा अनुभवाचे महिने फुगविणाऱ्यांनीही त्यातून बोध घ्यावा.

दुसरी तपासणी क्रमाची. इ. स. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो द व्हिंचीने मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा यास सेवेसाठी एक पत्र लिहिले. त्यात सुवाह्य पूल, वेढ्याची साधने, तोफा यांचे ज्ञान प्रथम सांगितले आहे. चित्रकलेचा उल्लेख येतो तो अगदी शेवटी. ज्याच्याकडे अर्ज करावयाचा त्याची गरज त्याने ओळखली होती. आमच्याकडील अर्जांत जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद यांनी अर्धे पान व्यापलेले असते आणि टर्नरचे काम येते ही गोष्ट तळाशी सापडते.

‘मेहनती, प्रामाणिक, कोणतेही काम करण्यास तयार’ हे शब्द प्रत्येकच अर्जात असतात. त्याऐवजी ‘शिकाऊ उमेदवार म्हणून एक वर्ष लेथवर काम केले, ड्रॉइंग वाचता येते, मायक्रोमीटरने मापे घेता येतात’ एवढे लिहिले तरी अभियंत्यास पुढे काय विचारावे ते कळते. शिक्षण व नोकरी यांमधील रिकामी वर्षेही लपवू नयेत. त्या काळात घरची शेती केली, ठिबक संच जोडले, पंप दुरुस्त केले, तर तेही काम आहे व ते वर्षांसह नोंदवावे. ग्रामीण तरुण नेमके हेच संकोचाने गाळतो.

हे काम एकट्याने नीट होत नाही, कारण आपली चूक आपल्या डोळ्यांस दिसत नाही. शाळेतील शिक्षकांनी किंवा ग्रामपंचायतीच्या एखाद्या सदस्याने महिन्यातून एक सायंकाळ यासाठी द्यावी. एकाने मूळ प्रमाणपत्रे मोठ्याने वाचावीत, दुसऱ्याने बायोडाट्यावर पेन्सिलीने खुणा कराव्यात. एका उमेदवारास अर्धा तास पुरतो. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडील नोंदणीतील तपशीलही त्याच बैठकीत पडताळून घ्यावा. शेवटी अर्जावरील दूरध्वनी क्रमांक तेथेच लावून पाहावा. सिमकार्ड बदलले की जुना क्रमांक कागदावर तसाच राहतो आणि मुलाखतीचा निरोप भलत्याच्याच घरी जातो.