गाडीतला संगणक आणि बॅटरीची वायर



या अंकात उसाऐवजी गाडीवर लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण गट कार्यालयात लागणीची नोंद द्यायला येणारे सभासद हल्ली खताइतकेच गाडीच्या पिवळ्या दिव्याबद्दल विचारतात. "साहेब, इंजिनाचा दिवा लागलाय, पण गाडी तर बराबर चालतीय. बॅटरीची वायर काढून लावली की जातो ना?" दिवा बहुधा जातो. पण त्याच्याबरोबर आणखी काय काय जाते, ते समजून घेणे जरूर आहे.

१९८३ साली आलेल्या मारुती ८०० ला कार्बोरेटर होता. हवेत पेट्रोल किती मिसळायचे हे पितळेचे जेट आणि मिस्त्रीच्या हातातला स्क्रू ठरवायचा. आता ते काम इंजिनाचा संगणक करतो. इंजिनाचे पाणी किती तापले, हवा किती आत आली, पाय किती दाबला, सायलेन्सरच्या वाटेने जाणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरला, अशा खबरा त्याला सेन्सरांकडून सतत येतात आणि त्यावरून तो इंधनाची मात्रा ठरवतो.

यात आपल्या उसाचा संबंध येतो तो असा. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे मिश्रण २०२५ साली देशभरात २० टक्क्यांच्या घरात पोचले. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला मात्र सुमारे ९ किलोच पुरते, कारण इथेनॉलमध्ये प्राणवायू मुळातच असतो. म्हणून मिश्रण वाढले की धुरात प्राणवायू जास्त दिसतो. संगणक ते ओळखून इंधन थोडे वाढवतो आणि ही दुरुस्ती स्मरणात ठेवतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे अॅव्हरेज थोडे उतरते. आपण इथेनॉलचे उत्पादक आहोत म्हणून हे झाकून ठेवावे असे आम्हास वाटत नाही. पण दिवा लागला की दोष सरळ इथेनॉलवर टाकणेही बरोबर नाही. संगणकाची ही दुरुस्ती ठरावीक मर्यादेपर्यंतच चालते. पाइपातून चोरून हवा शिरत असेल किंवा पेट्रोलचा फिल्टर तुंबला असेल, तर ती मर्यादा ओलांडली जाते आणि 'पी ०१७१' हा संकेतांक नोंदला जातो. त्याचा अर्थ एवढाच, की हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे. ते का कमी पडते, हे मिस्त्रीनेच शोधायचे असते.

आता बॅटरीची वायर काढली म्हणजे काय होते? दिवा विझतो, संकेतांक पुसला जातो, बिघाडाच्या क्षणी इंजिनाची जी स्थिती टिपलेली होती तीही पुसली जाते, आणि बऱ्याच गाड्यांत संगणकाने शिकलेले सगळे जाते. मुरलेल्या सालगड्याला काढून नवा ठेवावा तसे हे आहे. कोणत्या सरीला पाणी लवकर पोचते, बांध कुठे फुटतो, हे त्याला पुन्हा पहिल्यापासून कळायला हवे. म्हणून काही दिवस गाडी जागेवर उभी असताना थरथरते, पिकअप कमी वाटतो. मूळ बिघाड मात्र जागच्या जागी असतो, आणि नांदेडहून लोहा, अहमदपूर करत लातूर गाठेपर्यंत दिवा पुन्हा लागतो. माती परीक्षणाचा कागद फाडला म्हणून चोपण जमीन सुधारत नाही, त्यातलाच हा प्रकार.

तेव्हा आधी वाचून घ्या. स्टिअरिंगखाली १६ पिनांचे सॉकेट असते. गॅरेजवाला त्याला स्कॅनर लावून संकेतांक सांगतो, तो कागदावर लिहून घ्यावा. दुरुस्ती झाल्यावर स्कॅनरनेच तो पुसावा. पुष्कळदा तर पुसावाही लागत नाही. बिघाड खरोखर गेला असेल, तर लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष झाल्यावर दिवा आपोआप विझतो. दुरुस्तीनंतर वायर काढायचीच असेल, तर किल्ली काढून आधी ऋण, म्हणजे काळी वायर सोडावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा जोडावी, आणि पहिल्यांदा पाय न दाबता इंजिन गरम होऊ द्यावे. पेट्रोल गाडीचा दिवा उघडझाप करत असेल तर मात्र गाडी थांबवा. न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन सायलेन्सरच्या वाटेवरचा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. घर ते मळा अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो पुरेसा तापत नाही आणि भरत जातो. ती काजळी दिवा पुसून जळत नाही. दिवा लागल्याबरोबर गाडी मोठ्या रस्त्याला काढून वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवली, तर बहुधा साफ होते. उशीर केला तर गॅरेजशिवाय उपाय राहत नाही.

शिवाय उंदीर आहेतच. पाचटाच्या ढिगाशेजारी गाडी लावली की बॉनेटखालच्या वायरी त्यांना आयत्याच सापडतात. दिवा अचानक लागला तर आधी बॉनेट उघडून पाहावे. तसेच फवारणीच्या एचटीपी पंपाने इंजिन धुऊ नये, जोडांत पाणी शिरते.

ज्या सभासदांकडे ५० अश्वशक्तीच्या वरचे नवे ट्रॅक्टर आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. जानेवारी २०२३ पासून या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले, तेव्हापासून त्यांतही बहुतांशी संगणक आला आहे. हंगामात ट्रॉलीचा हूक तुटला की ती ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवून वेल्डिंग केले जाते. त्या विजेने संगणक जळू शकतो. बॅटरीची वायर काढायची ती खरे तर अशा वेळी. आधी ट्रॉली सोडवून बाजूला घ्या. वेल्डिंग ट्रॅक्टरवरच करायचे असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, कंपनीच्या पुस्तकात सांगितले असेल तर संगणकाचा जोडही काढा, आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेला अगदी लागून लावा.